मोतीबिंदूची गाडी

"आदिनाथच्या गाडीत सासूला बसवू नगंस. त्यानं पुण्याला नेलेलं एक तरी म्हातारं माघारी आलंय का?" शेजारच्या मुक्ताबाई म्हणाल्या होत्या. मी हसले. पदवीधर ना मी! मोतीबिंदूचं मोफत ऑपरेशन, चौकातल्या बॅनरवर हात जोडलेला समाजसेवक आदिनाथ. शिवाय तान्ह्या बाळाच्या धबडग्यात माझ्यामागचं एक काम कमी.

सासूबाईंना गाडीत बसवून तीन महिने झाले. आज फोनवर विचारलं, "सासूबाईंना आता दिसतं का?"

समाजसेवक खो-खो हसले. "ऑपरेशन काहून करायचं, वहिनी? दिसायला लागल्यावर सिग्नलला कोण भीक घालतंय?"

पुण्यात असाल, तर गाडीची काच खाली करा. आंधळ्या म्हातारीला नाव विचारा. मनकर्णा म्हणाली, तर मी पोचेपर्यंत तिचा हात सोडू नका.