रिकाम्या टाकीचा घास

सुदेशने तिसऱ्यांदा काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले आणि खिडकीशी नेऊन रंग पाहिला. पिवळा. म्हणजे अमोनिया नाही. पहिल्या दोन्ही वेळा पिवळाच आला होता, पण सुदेशचा पाण्यावर काय नि माणसांवर काय, चटकन विश्वास बसत नसे.

"झाला मां बरोबर?" कमलाक्षीने विचारलं.

"अजून मीठ बघूचा आसा, वहिनी."

गोव्यातल्या नार्व्याच्या कमलाक्षीच्या या घरात धारगळहून आलेला तो पाऊण तासापासून टाकी तपासत होता. दाराशी ठेवलेल्या झाकणाच्या बाल्दीत त्याचे दोन मासे होते. बोटभर लांबीचे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले समुद्रातले क्लाउनफिश. महिनाअखेरीस तो भावाकडे लंडनला चालला होता, कायमचा. म्हणून त्याने इंटरनेटवर जाहिरात टाकली होती: मासे फुकट द्यायचे आहेत, पण टाकी आधी तपासली जाईल.

तीन घरं त्याने नापास केली होती. म्हापशाच्या एका डॉक्टरने तर टाकी आदल्या दिवशी भरलेली. खारं पाणी निदान महिनाभर मुरावं लागतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार! लोणचं असतं तर थांबला असता.

"अस्नोड्यावरसून इलात?" कमलाक्षीने चहाचा कप पुढे ठेवला.

"नाय. लाटंबार्शावरसून."

"धारगळसून लांब पडता तो."

"तो रस्तो बरो," सुदेश म्हणाला आणि मिठाचा काटा पाहू लागला. मीठही बरोबर होतं.

ही टाकी खरोखरच मुरलेली होती. दगडांवर जांभळट थर चढला होता, तो वर्षानुवर्षं गेल्याशिवाय चढत नाही. कोपऱ्यात प्रवाळ डुलत होतं. मासा मात्र एकही नव्हता.

"पयले मासे मेले काय?"

"पयले नव्हतेच." तिने डबीतून चिमूटभर दाणे काढून पाण्यावर सोडले. दाणे डोलत डोलत तळाशी गेले. खायला कोणी आलं नाही.

सुदेशला ही रीत ठाऊक होती. रिकाम्या टाकीला रोज घास घालायचा. तो कुजतो, त्यावर पाण्यातले जंतू पोसतात, आणि मासे येतात तेव्हा टाकी तयार असते. पण हे महिना-दोन महिने करतात.

"किती दिवस घालतात तुमी?"

"नव वर्सां."

त्याची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे गेली आणि तशीच परत फिरली.

"आमचे हे, सगुण," ती म्हणाली. "टाकी त्यांनीच बांधली. मासे येवच्या आदीच गेले."

"मगे इतक्या वर्सांत कोणी मासे दिले नाय?"

"सतरा जण घेवन इले. ते मासे न्हय ते."

चोखंदळ बाई आहे, सुदेशला वाटलं, आणि त्याचा जीव जरा भांड्यात पडला. खरं सांगायचं तर त्याला त्या दोन माशांची भीती वाटायची. तो खोलीत आला की दोघे काचेशी येऊन त्याच्याकडे पाहत राहायचे. त्याने त्यांना कधी नाव दिलं नाही. पण मरूही दिलं नाही. वीज गेली की तासन्‌तास हाताने पाणी ढवळलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट आपण नीट केली, असं तो स्वतःला सांगत आला होता. ती परक्या घरात बिघडायला नको होती.

"टाकी तयार आसा," तो अखेर म्हणाला.

त्याने बाल्दीत थोडं थोडं टाकीतलं पाणी मिसळलं, अर्धा तास वाट पाहिली आणि मग दोघांना अलगद सोडलं. कमलाक्षी काचेसमोर जमिनीवरच बसली.

"धाकट्याचो मदलो पट्टो तुटको आसा," सुदेश म्हणाला. "रोग न्हय. आणलो तेव्हापासून तसोच."

ती काचेला नाक लागेल इतकी पुढे सरकली.

मग त्याने पिशवीतून जाड वही काढली. रोजचं तापमान, मीठ, खाणं, सगळं तीत होतं. मासे दुसऱ्याला देताना त्यांची वहीही द्यायची, हा या छंदातला रिवाज. आणि सुदेश रिवाज मोडणाऱ्यांतला नव्हता.

कमलाक्षीने पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "दोन डिसेंबर दोन हजार सहा. दोन मासे. पिशवीतलं अर्धं पाणी सांडलेलं. दोघेही जिवंत."

बाहेर नदीकडून कुणाची तरी हाक ऐकू आली. तिने वही मिटली.

"खंयच्या दुकानातले?"

"आता आठवणा नाय."

"माका आठवता." तिचा आवाज चढला नाही. "त्याच दिसा सांजेक ह्यांनी म्हापशासून फोन केल्लो. टाकी तयार ठेव म्हणाले. धाकट्याचो मदलो पट्टो तुटको, म्हणान दुकानदारान तो फुकट दिलो. मगे अस्नोड्याच्या वळणार ह्यांका गाडयेन उडयले. पोलिसांनी सगळां आणून दिलां. स्कूटर, चष्मो, चपलां. माशांची पिशवी तेवढी मेळली नाय."

सुदेश बाल्दीची कडी शोधत होता. ती त्याच्या हातातच होती.

कमलाक्षीने डबीतून चिमूटभर दाणे काढले आणि पाण्यावर सोडले. या वेळी दोघे वर आले आणि खाऊ लागले. ती त्यांच्याकडे पाहतच म्हणाली,

"इस्पितळातलो डॉक्टर म्हणालो, अर्धो तास जीव होतो त्यांच्यात. आणि तू मासे उचललंस?"