केळीचा घड

"ज्योत्स्नाबाई, चित्रकलेच्या तासांचे व्हिडिओ करून ठेवा, मुलांना पुन्हा पुन्हा बघता येतील," हेडसर म्हणाले होते. मी हौसेनं चाळीस केले. यंदा ठरलं, की व्हिडिओ आहेत, तर बाई कशाला?

कपाटाची किल्ली द्यायला मुक्ताईनगरला शाळेत गेले, तर सातवीच्या वर्गात टीव्हीवर मीच केळीचा घड काढत होते. मागच्या बाकावर जाऊन बसले. जळगावात हातगाडीवरची केळी बघून मी तो काढला होता. सगळी केळी खाली लोंबत होती. झाडावर ती वर वळलेली असतात, हे आज लक्षात आलं. पूर्वी फळ्यावर माझं काही चुकलं, की अर्धा वर्ग ओरडायचा. आज सगळ्यांच्या वहीत केळी खालीच लोंबत होती.

शेजारी भूमिका होती. तिच्या वडिलांची केळीची बाग आहे.

"का गं, तुमच्या बागेत अशी असतात?"

"नाही बाई, वर असतात."

"मग बोलली का नाहीस?"

वहीतून मान वर न करता ती म्हणाली, "सांगितलं ना बाई, दोनदा. तुम्ही काढतच राहिल्या."