सत्ताविसावा दोष

क्षितिज कापसाच्या तासात, झाडांच्या दोन ओळींमधे, शिरला तेव्हा पुष्पा मान खाली घालून बोंडं वेचत होती. मुकुटबनकडच्या बंजारा तांड्याला लागून असलेलं ते वावर लालीबाईचं. अळीनं अर्धी बोंडं पोखरली होती.

"पुष्पाताई, तुम्ही बटण दाबलं होतं," तो म्हणाला. नमस्कार ना चमत्कार. यवतमाळहून निघाल्यापासून हेच एक वाक्य तो मनात घोळवत आला होता.

"कोणतं बटन, सर?"

कोणतं ते दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या वर्षी फवारणीचं विष चढलेली एकोणीस माणसं एकाच दुपारी खासगी दवाखान्यात आली, तेव्हा संगणकावर पुष्पा होती. त्यांतला हिरासिंग तिच्याच तांड्यातला, लालीबाईचा नवरा. त्याला यवतमाळला हलवायला संगणकावरचं बटण दाबून रुग्णवाहिकेची गाडी मागवायची होती. गाडी आली नाही. हिरासिंग व्हरांड्यातच गेला.

"मी बटन दाबलं," असं पुष्पा चौकशीत रडून रडून सांगत राहिली. यंत्रणा क्षितिजच्या कंपनीची. संगणकाच्या पोटात क्षणोक्षणी काय चालतं ते टिपणारा एक प्रोग्राम असतो; त्यानं तो उघडला. पुष्पानं बटण दाबल्याची नोंद नव्हती. "माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही," असं छातीठोकपणे सांगणारा क्षितिजच. दवाखान्याच्या साहेबांना तेवढं पुरलं. पुष्पाची नोकरी गेली.

परवा त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि रिवाजाप्रमाणे तिच्यासोबत दुरुस्त केलेल्या दोषांची यादी. अशा याद्या कुणी वाचत नाही. त्यानं वाचली. सत्ताविसावा दोष: एकदम फार काम आलं की काही नोंदी गळतात, आणि गळाल्याचा मागमूसही राहत नाही. दुरुस्त केला आहे. राखणदारच डुलक्या घेत होता, आणि हा शहाणा त्याच्या शब्दावर एका बाईचा निकाल लावून मोकळा झाला होता.

मग त्यानं गाडीवाल्यांकडची जुनी नोंद धुंडाळली. पुष्पाचा निरोप त्याच दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पोचला होता. तिकडे कुणी पाहिलाच नव्हता. हे तेव्हाच एका फोनवर कळलं असतं. क्षितिजला स्वतःची विलक्षण लाज वाटत होती.

"मी लिहून देतो, सही करतो. तुम्हाला कामावर परत घ्यावंच लागेल. तांड्यातही सगळ्यांसमोर सांगतो."

त्यानं पुढे केलेला यादीचा कागद पुष्पानं घेतला. सत्ताविसाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग तिनं तो परत केला.

"नाही सर. म्या बटन दाबलं नव्हतं."

"अहो, शंभरदा सांगितलं होतं तुम्ही!"

"तवा वाटत होतं. मंग तुमी म्हणे नाही, सायेब म्हणे नाही. तांड्यात बी कोणी मानून नाही राह्यलं. लालीबाई माह्या हातचं पाणी घेत नव्हती. मंग मले बी तसंच दिसाले लागलं, हात उचलला अन् तसाच राह्यला. म्या पंचायतीत सगळ्यायसमोर कबूल केलं. तांड्याचा नायक म्हणे, माफी लालीबाईनं द्यायची. अन् तिनं देल्ली."

"पण तुमची चूकच नव्हती!"

"तिले आता कुठं झोप लागून राह्यली, सर. हे आयकलं का ती इचारन, पुष्पानं नाही तं मंग कोणं मारलं माह्या मानसाले? तुमी सांगान तिले?"

पलीकडच्या तासातून लालीबाई कमरेला बांधलेली कापसाची ओटी सावरत त्यांच्याकडेच येत होती.

"कोन आलं वं, पुष्पे?"

"रस्ता चुकले हे, काकी," पुष्पा म्हणाली.

लालीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. क्षितिजनं कागदाची घडी खिशात घातली आणि होकारार्थी मान हलवली.