स्रोत?

"आमच्या गावात डाळ शिजत नाही."

इंद्रभान सरांनी एवढंच वाक्य मोठ्यानं वाचलं आणि उत्तरपत्रिका खाली केली. वर्गात हशा पिकला. समता हसली नाही. वाक्य तिचं होतं.

नांदुऱ्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर ही अभ्यासिका. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची तयारी करणारी अकरा जणं. मागच्या रविवारी सरांनी सगळ्यांकडून निबंध लिहून घेतला होता. विषय 'पाणी आणि विकास', वेळ दीड तास, गुण सव्वाशे. आज एकेकाला पुढे बोलावून चुका सांगणं चाललं होतं.

"एक्केचाळीस," सर म्हणाले. "हे काय लिहून राह्यली तू? निबंध हाय का पारावरच्या गप्पा?"

"खरं हाय, सर. खाऱ्या पाण्यात नाही शिजत. तासभर ठेवली तरी दाणा तसाच राह्यते."

"मले माहीत हाय. पण पेपर तपासणारा पुण्याचा असन, नाहीतर मुंबईचा. त्याले काय करायचं तुझ्या डाळीचं?"

"त्याले माहीत नसन म्हणूनच लिहिलं. वाचून होईन माहीत."

या वेळी कोणी हसलं नाही.

सर वाईट नव्हते. स्वतः तीनदा मुख्य परीक्षेला बसले, तिन्ही वेळा निबंधात मार खाल्ला, मग शिकवायला लागले. आपल्या मुलांनी तरी ती चूक करू नये, एवढंच त्यांना वाटे. त्यांनी दुसरी उत्तरपत्रिका उचलली.

"ही डिंपलची पाय. अठ्ठ्याहत्तर. सुरुवात, 'पाणी म्हणजे जीवन.' मग संस्कृती, मग योजना, मग आव्हानं, मग उपाय. शेवट आशावादी. तपासणाऱ्याच्या डोक्याले ताप नाही."

समता पहिल्या बाकाकडे वळली. "डिंपल, तुमच्या घरी प्यायचं पाणी कुठलं?"

"कॅनचं," डिंपल म्हणाली. "बोअरचं तोंडात धरवत नाही."

"मंग हे काऊन नाही लिहिलं?"

डिंपलनं सरांकडे पाहिलं. "घरचं लिहायचं नसते ना."

"पुरे," सर म्हणाले. त्यांनी डिंपलची उत्तरपत्रिका तिच्या बाकावर ठेवली आणि समताच्या उत्तरपत्रिकेचं तिसरं पान उघडून समतापुढे ठेवलं. एका अख्ख्या परिच्छेदावर लाल रेघ होती. बाजूला समासात एकच शब्द होता. स्रोत?

रेघेखाली तिचं अक्षर वाचता येत होतं. 'आमच्या वस्तीत बासष्ट घरे आहेत. त्यांतील पाच जण आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खामगावला जातात.'

"आकडे असे मनानं टाकायचे नसतात," सर म्हणाले. "अहवालातले पायजेत. अन् पाण्यानंच किडन्या गेल्या, हे कोनं सांगतलं तुले? डॉक्टर हाय का तू?"

"पाण्यानं गेल्या असं मी लिहिलंच नाही. जातात, एवढंच लिहिलं. पुन्हा वाचा, सर."

सरांनी पुन्हा वाचलं. खरंच तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"अन् आकडा?"

"मी मोजला. बासष्टही घरी गेली होती. दोन दिवस लागले."

"निबंधासाठी?"

"नाही. ग्रामसभेत सांगाले. तिथंबी त्यायनं हेच इचारलं. कोनं सांगतलं म्हणून."

खाली दुकानात कोणीतरी शटर अर्धं ओढलं. सरांनी खुर्ची समताकडे सरकवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाय समता, मागच्या वर्षी नऊ मार्कांनी गेली तू. नऊ. परीक्षा सत्तावीस दिवसांवर हाय. हा परिच्छेद काट, तिथं योजना टाक. वीस मार्क असेच वाढतात. तू म्हणशीन म्हणून कोणी खरं धरत नाही. तुझं नाव म्हणजे काही स्रोत नसते."

"माझं नसन," समता म्हणाली.

तिनं स्वतःचा पेन उघडला आणि उभ्यानंच टेबलावर वाकून त्या लाल शब्दाखाली लिहायला लागली. पुष्पाबाई, वय चोपन्न. कडूबा, एकसष्ट. बेबीताई, सत्तेचाळीस. राजकुमार, एकोणतीस. समास संपला म्हणून पाचवं नाव तिनं आडवं लिहिलं. जानराव, अठ्ठावन्न.

सरांनी पाचही नावं वाचली. शेवटच्या नावाशी ते थांबले. हजेरीपटावर समताच्या नावापुढे तेच नाव होतं.

"तुझे बाबा?"

"हाव."

सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. पान उलटून ते पहिल्या पानावर, गुणांच्या चौकटीपाशी आले.

"मार्क वाढवू नका, सर." समतानं उत्तरपत्रिकेवर हात ठेवला. "एक्केचाळीस बरोबर असतीन. दुसरा मुद्दा अर्धवट राह्यला, शेवट घाईत झाला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या तुम्ही, त्या मले कबूल हायेत. पण आमच्या वस्तीतल्या पाच माणसायवर रेघ मारू नका."

डिंपल खाली बघत आपल्या निबंधाचं पहिलं वाक्य बोटानं झाकत होती.

समतानं टेबलावरच्या गठ्ठ्यातून कोरे कागद मोजून घेतले आणि आपल्या बाकावर जाऊन बसली.

"काय करते?" सरांनी विचारलं.

"पुन्हा लिहिते. दीड तासात."

"तो परिच्छेद ठेवशीनच?"

"हाव," समता म्हणाली. "या वेळी पहिल्या पानावर."