खाणीतलं गाणं

"एक बार पूरा देखो, केसरबाई. फिर बात करते," असं म्हणत सुगुणाम्मांनी आपला फोन टीपॉयवर पुढे सरकवला.

केसरबाईंनी चष्मा लावला. आख्ख्या हैदराबादनं पाहिलेलं हे गाणं गाणाऱ्याच्या आईनं तेवढं पाहिलं नव्हतं. चिक्कडपल्लीच्या बाजारात कुणाच्या फोनवर ते सुरू झालं की त्या भाजी तशीच टाकून चालू लागत.

'नल्लरायी' हा त्यांच्या प्रज्ञेशचा बँड. पुढे गिटार आणि ड्रम, मागे व्हायोलिन आणि चेलोवाल्यांचा मोठा ताफा. गाणं तेलुगूतलं, नावच 'रा'. रा म्हणजे ये. तो बोलावतो आणि ती येते, एवढीच त्यातली गोष्ट. व्हिडिओ काढला शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत लाकडी फळी टाकलेली. पलीकडे सुगुणाम्मांची मुलगी स्रवंती, हातात व्हायोलिन, चेहऱ्यावर पांढरं कापड. प्रज्ञेशनं अलीकडून 'रा' म्हणायचं आणि तिनं त्या आवाजाच्या रोखानं पाऊल टाकायचं, असं ठरलेलं.

फोनवर वाद्यं चढत गेली आणि एकदम थांबली. मग प्रज्ञेशचा नुसता आवाज आला. "रा!" हात पुढे, तळवा उघडा. स्रवंतीनं पाऊल उचललं आणि पडदा काळा झाला.

फळी सरकली आणि ती खाली खाणीत कोसळली, ते त्यात नव्हतं. पुढचं सुगुणाम्मांच्या नारायणगुड्यातल्या घरी झालं होतं, पोरीची मयत उचलली त्या दिवशी.

बँडच्या मॅनेजरनं श्रद्धांजली म्हणून व्हिडिओ सोडला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. ती शेवटची हाक तर पुन्हा पुन्हा ऐकत. काय आर्त ओरडलाय म्हणत. केसरबाईंना अशा लोकांची शिसारी येई.

दोघी बाया एकाच कचेरीतल्या. टेबलाला टेबल लागून, डबाही एकत्रच. केसरबाई देगलूरकडच्या, सुगुणाम्मा वरंगलच्या, पण इतक्या वर्षांत एकमेकींचं बोलणं दोघींनाही कळायचं. पोरांचं जुळलं तेव्हा जात काढणाऱ्या नातेवाइकांना सुगुणाम्मांनीच घराबाहेर काढलं होतं. त्याच आज परक्यासारख्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या.

"कल मेरा बयान है," त्या म्हणाल्या. "पोलीस पूछेंगे, किसका कसूर. मैं क्या बोलूँ? इसको एकच बात पूछने आई मैं."

प्रज्ञेश खिडकीपाशी होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. घटनेपासून तो कुणाशीच धड बोलत नव्हता.

"पटरा हिल रहा था, बाबू. तू देखा क्या?"

केसरबाईंचा जीव टांगणीला लागला. नाही म्हण रे बाबा, नाही म्हण.

"देखा," प्रज्ञेश म्हणाला.

"फिर?"

"फिर मैं चिल्लाया. मेरेच आवाज पे आई वो." त्यानं मान वर केली. "पण अम्मा, मैं..."

"गप रा!" केसरबाई कडाडल्या. आणखी बोलला तर उद्या हातात बेड्या पडणार, एवढंच त्यांना दिसत होतं. "एक अक्षर काढू नकोस तोंडातून."



सुगुणाम्मा उठल्या. दारात चप्पल घालताना त्यांनी मागे वळून पाहिलं. "गाना अच्छा बना, केसरबाई. मुबारक." रडल्या असत्या तर बरं, असं केसरबाईंना वाटलं.

जिन्यावरची पावलं लांब गेली तशा त्या लेकाकडे वळल्या. "पाहिलंस आणि तरी ओरडलास? एका गाण्यापायी?"

"तूच बोलू नको म्हणालीस ना," तो म्हणाला आणि त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

केसरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. याला नऊ महिने पोटात वाढवला याची त्यांना त्या क्षणी लाज वाटली. आणि त्याच क्षणी त्याला कुठंतरी लपवून ठेवावंसंही वाटलं. आईचं मन म्हणून लोक कौतुक करतात, पण ते असं घाणेरडंही असतं.

मग त्या अनवाणीच खाली धावल्या. पाय धरीन, पदर पसरीन, उद्या नाव घेऊ नका म्हणेन.

सुगुणाम्मा घरासमोरचा विद्यानगरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला पोचल्या होत्या, रिक्षा शोधत होत्या. गेटचा आवाज ऐकून त्यांनी इकडे पाहिलं. तेवढ्यात वळणावरून पाण्याचा टँकर भरधाव आला. उभ्या व्हॅनमुळे तो त्यांना दिसत नव्हता, केसरबाईंना दिसला. हात वर करून त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "रा! रा!"

सुगुणाम्मा सरळ रस्त्यात उतरल्या.

करकचून ब्रेक लागला. टँकर त्यांच्या पदराला घासून थांबला. ड्रायव्हर शिव्या घालू लागला. केसरबाईंनी धावत जाऊन त्यांचे दोन्ही दंड धरले.

"मरना था क्या? क्यों उतरे तुम?"

सुगुणाम्मांचे ओठ पांढरे पडले होते. "तुमीच तो बुलाए ना. रा, रा करके."

"बोलावलं कुठं?" केसरबाई म्हणाल्या. "तिथंच रा म्हणाले मी. हलू नका म्हणाले." आणि त्यांची नजर वर खिडकीतल्या प्रज्ञेशकडे गेली.