गालावरचा हात

१९६१ साली मी बंगळूरच्या एका संग्रहालयात पहारेकरी होतो. आमच्या दालनात तीनशे वर्षांपूर्वीचं एक विलायती चित्र होतं. विझलेल्या मेणबत्तीशेजारी एक बाई गालाला हात लावून बसलेली. झाडलोट करणाऱ्या ठकुबाई मूळच्या निपाणीच्या. रोज सकाळी त्या चित्राची चौकट पुसायच्या आणि त्या बाईला दटावायच्या, "काढ की गं त्यो हात! गालाला हात लावून बसलं की घरात अवदसा येती." मी हसून म्हणायचो, "अक्का, तिला मराठी कळत नाही." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "मग तू कानडीत सांग की." त्या मार्गशीर्षात निपाणीहून तार आली. त्यांची एकुलती लेक सासरी पहिल्याच बाळंतपणात गेली होती. पंधरा दिवसांनी ठकुबाई कामावर परतल्या. "अक्का, स्वल्प बसा, थोडं बसा. आज मी पुसतो," मी म्हटलं. त्यांनी फडकं काही हातातून सोडलं नाही. नेहमीसारखी चौकट पुसली, कोपऱ्यांत बोट घालून धूळ काढली. मी दाराशी उभा होतो. रोजची दटावणी आज आली नाही. काम संपल्यावर त्यांनी फडक्याची घडी केली आणि चित्रातल्या बाईला हळूच म्हणाल्या, "एवढी वर्सं नुसती डाफरत आले गं तुझ्यावर. तुझं कोण गेलं, ते कधी इचारलंच न्हाई."