याच मशीनपुरती खाती

“ही पाच खाती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर उघडा. त्याच मशीनपुरती, नेटवर्कवर दिसायला नकोत.” मॅनेजरबाईंनी कागद पुढे सरकवला. “चारच्या आत. आणि कुणाशी बोलू नका.”

ऑफिसात त्याला सगळे पासवर्डकाका म्हणत. दर सोमवारी निम्मं ऑफिस पासवर्ड विसरून त्याच्याच टेबलाशी यायचं. कागद वाचताना मात्र काका शेवटच्या ओळीशी अडखळला. पाचवं नाव त्याच्या बायकोचं होतं. ती याच ऑफिसात टपालाची आवक-जावक सांभाळायची.

मशीनपुरतं खातं म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या कंपनीत त्यानं अशी तीन उघडली होती. आधी माणसाला नेटवर्कवरून काढायचं, कोपऱ्यात बसवायचं आणि महिनाभरात नारळ द्यायचा. तिघांनाही तसाच मिळाला होता.

चार खाती त्यानं मुकाट्यानं उघडली. यादीतल्याच टायपिस्टबाईंनी हसून चहाचं विचारलं, तेव्हा त्याला मान वर करवेना. पाचव्या नावाशी हात थांबला. तो कागद घेऊन केबिनमध्ये गेला.

“बाई, हे शेवटचं नाव काढता येईल?”

“तुमच्या मिसेसचं?”

“हो. तिला नेटवर्कवरच राहू द्या. दोघांच्या पगारावर घर चालतं आमचं.”

“त्यांना विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? मी सांगतोय ना.”

“नीट विचार करा. मला आत्ता कारण सांगता येणार नाही.”

“कारण कळलंय मला. एवढी कृपा करा.”

बाईंनी नाव खोडलं आणि तिथे स्टोअरकीपरचं लिहिलं. काकाचा जीव भांड्यात पडला. त्या स्टोअरकीपरशी त्याचं तसंही कधी पटलं नव्हतं; पाचवं खातं त्यानं लगेच उघडलं.

दुपारी डबा खाताना बायको म्हणाली, “आज स्वारी फारच खुशीत?”

“तू जेव निवांत. घरी गेल्यावर सांगतो.”

चार वाजता बाई केबिनबाहेर आल्या. “काका, नेटवर्क बंद करा.”

त्यानं बंद केलं. टेबलाटेबलांवरून कुरकुर सुरू झाली. फक्त कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर काम चालू होतं.

“कंपनी विकली गेली,” बाई म्हणाल्या. “नेटवर्कवरच्या सगळ्यांचा आज शेवटचा दिवस. नवे मालक पाचच माणसं ठेवतायत, त्यांची खाती काकांनी सकाळीच उघडलीत.”